पार्क हिल (शेफील्ड)

पार्क हिल ही इंग्लंडमधील शेफील्ड शहरातील एक मोठी बहुमजली काँक्रीट गृहवसाहत आहे. शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकामागील टेकडीच्या उतारावर १९५७ ते १९६१ या काळात शेफील्ड नगर परिषदेने ती बांधली. जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ हे तिचे वास्तुविशारद होते. नगर वास्तुविशारद जे. लुईस वोमर्स्ली यांच्या देखरेखीखाली त्यांनी हे काम केले. मूळ वसाहतीत ९९५ घरे होती. १९९८ मध्ये तिला ग्रेड २-तारांकित दर्जाचे वारसा संरक्षण मिळाले. युरोपातील सर्वांत मोठ्या संरक्षित इमारतींमध्ये तिची गणना होते.

विसाव्या शतकाच्या मध्यात उभारलेल्या आणि आता जुन्या झालेल्या काँक्रीट इमारतींचे जतन कसे करावे, या चर्चेत पार्क हिलचे उदाहरण वारंवार दिले जाते. एकाच सांगाड्याच्या दोन भागांवर, सुमारे दहा वर्षांच्या अंतराने, दोन वेगवेगळ्या वास्तुविशारदांनी जवळजवळ परस्परविरोधी पद्धतींनी काम केले. त्यामुळे एखाद्या इमारतीतील नेमके काय जपायचे, हा प्रश्न येथे प्रत्यक्ष बांधकामाच्या रूपात पाहता येतो.

## पार्श्वभूमी

पार्क हिलच्या जागी पूर्वी कामगारांची दाट वस्ती होती. पाठीला पाठ लावून बांधलेली लहान घरे, सामायिक शौचालये आणि अपुरा उजेड ही तिची स्थिती होती. १९३० च्या दशकात तेथील गुन्हेगारीमुळे या भागाला ‘लिटल शिकागो’ असे नाव पडले होते. वस्ती हटवण्याचे काम त्याच दशकात सुरू झाले, परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे ते थांबले.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये घरांची तीव्र टंचाई होती. सार्वजनिक पैशांतून मोठ्या प्रमाणावर भाड्याची घरे बांधणे हे नगर परिषदांचे प्रमुख काम झाले. वोमर्स्ली १९५३ मध्ये शेफील्डचे नगर वास्तुविशारद झाले आणि त्यांच्या कार्यालयात लिन व स्मिथ या तरुण वास्तुविशारदांनी पार्क हिलचा आराखडा तयार केला. त्यांच्यासमोर दोन आदर्श होते. एक म्हणजे ल कॉर्ब्युझिए यांची मार्सेय येथील ‘युनिते दाबितास्यों’ ही इमारत आणि दुसरा म्हणजे ॲलिसन व पीटर स्मिथसन यांनी १९५२ मध्ये लंडनमधील गोल्डन लेनसाठी केलेला, पण कधीही न बांधला गेलेला प्रस्ताव. जमिनीवरील रस्त्याचे सामाजिक जीवन वरच्या मजल्यांवर नेण्याची कल्पना स्मिथसन यांच्या प्रस्तावात होती. पार्क हिलमध्ये ती मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आली.

## वास्तुरचना

### हवेतील रस्ते

वसाहतीच्या इमारती टेकडीच्या उतारावर नागमोडी पसरलेल्या असून पुलांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. छताची रेषा सर्वत्र एकाच पातळीवर ठेवली आहे. जमीन मात्र उतरत जाते. त्यामुळे दक्षिण टोकाला इमारत चार मजल्यांची, तर उत्तर टोकाला तेरा मजल्यांची आहे.

दर तीन मजल्यांमागे सुमारे तीन मीटर रुंदीचा उघडा मार्ग आहे. या मार्गांना ‘हवेतील रस्ते’ म्हटले जाते. ते इतके रुंद होते की दूधवाल्याची विजेवर चालणारी लहान गाडी त्यांवरून घरोघरी जाऊ शकत असे. उतारामुळे सर्वांत वरचा मार्ग वगळता बाकीचे मार्ग कुठे ना कुठे थेट जमिनीला मिळतात. पाडलेल्या वस्तीतील शेजाऱ्यांना शक्यतो शेजारीशेजारी घरे देण्याचा प्रयत्न झाला. मार्गांनाही जुन्या गल्ल्यांची नावे देण्यात आली: नॉरिच रो, लाँग हेन्री रो, हेग रो आणि गिल्बर्ट रो.

### सांगाडा आणि विटांच्या भिंती

इमारतीचा भार प्रबलित काँक्रीटच्या (आर.सी.सी.) उघड्या सांगाड्यावर पेलला आहे. खांब, तुळया आणि स्लॅब यांची चौकट बाहेरून स्पष्ट दिसते. तिच्या चौकोनांत विटांच्या भिंती आणि खिडक्या बसवल्या होत्या. या भिंती भार वाहत नाहीत. त्या केवळ चौकट भरून काढतात. पुढील काळातील वाद समजण्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

विटांचे रंग मजल्यांनुसार बदलत जातात. खाली गडद जांभळट, मध्ये तांबूस आणि वर फिकट पिवळसर अशी त्यांची चढती मांडणी आहे. त्यामुळे एवढ्या प्रचंड इमारतीचे मजले दुरूनही वेगळे ओळखू येतात.

### घरे आणि सोयी

तीन मजले उंच आणि तीन खण रुंद अशा एका आवर्ती घटकात वेगवेगळ्या आकारांची चार घरे बसवली आहेत. त्यांपैकी काही एका मजल्यावरची, तर काही अंतर्गत जिन्याने जोडलेली दुमजली आहेत. प्रत्येक घराला स्वतःचा सज्जा आणि दोन्ही बाजूंनी उजेड मिळतो. वसाहतीला मध्यवर्ती ठिकाणाहून उष्णता पुरवली जात असे. स्वयंपाकघरातील कचरा मोरीतून पाण्याच्या साहाय्याने वाहून नेणारी ‘गार्शे’ पद्धतही येथे बसवली होती. परिसरात दुकाने, मद्यगृहे आणि शाळा होती. १६ जून १९६१ रोजी तत्कालीन विरोधी पक्षनेते ह्यू गेट्स्केल यांच्या हस्ते वसाहतीचे औपचारिक उद्घाटन झाले.

## ऱ्हास

सुरुवातीची वर्षे समाधानाची होती. अनेक कुटुंबांना स्वतःचे स्नानगृह, गरम पाणी आणि उबदार खोल्या येथे प्रथमच मिळाल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मात्र परिस्थिती बदलत गेली. शेफील्डचा पोलाद उद्योग कोसळला आणि बेरोजगारी वाढली. नगर परिषदेकडे देखभालीसाठी पुरेसा पैसा राहिला नाही. घरांमधून आवाज आरपार जाणे, मार्गांवरील अंधारे कोपरे आणि कोणालाही कुठूनही आत येता येईल अशी रचना, हे दोष या काळात अधिक जाणवू लागले. वसाहतीची प्रतिमा बिघडली आणि रिकाम्या घरांची संख्या वाढली.

शेफील्डमधील याच पिढीच्या इतर वसाहतींचे भवितव्य वेगळे ठरले. शेजारच्या हाइड पार्क वसाहतीचा मोठा भाग १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पाडण्यात आला आणि उरलेल्या इमारतींचे बाह्यरूप बदलण्यात आले. केल्व्हिन ही वसाहत १९९५ मध्ये पाडली गेली. त्यामुळे पार्क हिल टिकवायची की नाही, हा प्रश्न त्या काळी खुला होता.

## वारसा संरक्षण

डिसेंबर १९९८ मध्ये इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या शिफारशीवरून ब्रिटिश शासनाने पार्क हिलचा समावेश संरक्षित इमारतींच्या यादीत केला. इंग्लंडमध्ये या यादीचे ग्रेड १, ग्रेड २-तारांकित आणि ग्रेड २ असे तीन स्तर आहेत. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती सर्वांत खालच्या स्तरात मोडतात. पार्क हिलला मिळालेला मधला दर्जा सुमारे सहा टक्के इमारतींनाच लाभलेला आहे. सामान्यतः तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींचाच यासाठी विचार होतो.

हा निर्णय शहरात सर्वांना रुचला नाही. अनेक नागरिकांच्या दृष्टीने ती एक कुरूप आणि अपयशी इमारत होती. दुसरीकडे, युद्धोत्तर सार्वजनिक गृहनिर्माणातील सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोगांपैकी हा एक असल्याचे समर्थकांचे म्हणणे होते. संरक्षणामुळे इमारत पाडण्याचा सोपा मार्ग बंद झाला, पण तिच्या दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न कायम राहिला.

## काँक्रीटची झीज आणि दुरुस्ती

काँक्रीट कायम टिकते असा समज विसाव्या शतकाच्या मध्यात सर्वत्र होता. प्रत्यक्षात प्रबलित काँक्रीटचे आयुष्य आतील लोखंडी सळया किती सुरक्षित राहतात यावर अवलंबून असते. ताज्या काँक्रीटमधील चुन्यामुळे ते तीव्र अल्कधर्मी असते आणि त्याचा सामू १२ ते १३ च्या दरम्यान असतो. या स्थितीत सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो व ती गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो आणि चुन्याशी त्याची अभिक्रिया होते. या क्रियेला कार्बोनेशन म्हणतात. ती सळईपर्यंत पोहोचली की सामू घसरतो, संरक्षक थर नष्ट होतो आणि ओलाव्यामुळे गंज धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे आतून दाब पडतो. काँक्रीटला तडे जातात आणि त्याचे ढलपे सुटतात.

ब्रुटॅलिस्ट शैलीच्या इमारतींना हा धोका विशेष असतो. त्यांचे काँक्रीट गिलावा किंवा रंगाविना उघडे असते आणि सळईवरील काँक्रीटचे आवरण अनेकदा आजच्या मानकांपेक्षा पातळ असते. कठडे, सज्ज्यांच्या कडा आणि पावसाचे पाणी साचणारी टोके सर्वांत आधी खराब होतात. पार्क हिलमध्येही वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षामुळे उघड्या काँक्रीटची अशी हानी झाली होती.

अशा इमारतीच्या दुरुस्तीत साधारणपणे पुढील पायऱ्या असतात:

- हातोडीने ठोकून पोकळ आवाज येणारे भाग शोधणे;
- फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन ताज्या तोडलेल्या भागावर फवारून कार्बोनेशनची खोली पाहणे (निरोगी काँक्रीट गुलाबी होते, बाधित काँक्रीटचा रंग बदलत नाही);
- सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून सळई स्वच्छ करणे आणि तिच्यावर संरक्षक लेप देणे;
- दुरुस्ती मसाल्याने भाग पूर्ववत भरणे;
- आवश्यक तेथे कार्बन डायऑक्साइड व पाणी रोखणारा लेप संपूर्ण पृष्ठभागावर देणे.

तांत्रिकदृष्ट्या यातील शेवटच्या दोन पायऱ्या सोप्या आहेत. जतनाच्या दृष्टीने मात्र त्याच सर्वांत कठीण ठरतात. उघड्या काँक्रीटवर लाकडी फर्म्याचे ठसे, खडीचा रंग आणि काळाच्या खुणा असतात. नव्या मसाल्याचे ठिगळ लगेच वेगळे दिसते. सर्वत्र लेप दिल्यास ठिगळे झाकली जातात, पण मूळ पृष्ठभागही झाकला जातो.

## पुनरुज्जीवन

नगर परिषदेने २००४ मध्ये मँचेस्टरच्या अर्बन स्प्लॅश या विकासक कंपनीची निवड केली. या कामासाठी सार्वजनिक निधीही देण्यात आला. २००८ च्या आर्थिक मंदीमुळे काम लांबले आणि ते टप्प्याटप्प्याने करावे लागले.

### पहिला टप्पा

पहिल्या टप्प्यात उत्तरेकडील सर्वांत उंच भाग घेण्यात आला. हॉकिन्स ब्राउन आणि स्टुडिओ एग्रेट वेस्ट या संस्थांनी त्याचा आराखडा केला. परिसररचना ग्रँट असोसिएट्स यांची होती. येथे २६० घरे तयार झाली.

या टप्प्यात विटांच्या भिंती, खिडक्या आणि आतील विभाजने काढून इमारत पूर्णपणे सांगाड्यापर्यंत उघडी करण्यात आली. काँक्रीटची दुरुस्ती झाल्यावर चौकटींत मोठ्या काचा आणि रंगीत ॲल्युमिनियमचे पत्रे बसवण्यात आले. पूर्वी दर्शनी भागाचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा विटांचा आणि एक तृतीयांश काचेचा होता. आता ते प्रमाण उलटे झाले. जुन्या विटांची चढती रंगसंगती लाल, नारिंगी आणि पिवळ्या अशा भडक रंगांत पुन्हा मांडण्यात आली. उत्तरेकडील इमारतीत चार मजले उंचीचे खिंडार पाडून शहराच्या दिशेने नवे प्रवेशद्वार केले गेले. त्याजवळ चकाकत्या पोलादाचा गोल जिना उभारला.

इमारतीचे खरे वारसामूल्य काँक्रीटचा सांगाडा, उघडे मार्ग आणि टेकडीशी असलेले नाते यांत आहे, विटांच्या भिंतींत नाही, अशी भूमिका या कामामागे होती. वारसा यंत्रणेनेही ती मान्य केली. हा प्रकल्प २०१३ मध्ये ब्रिटनमधील वास्तुकलेच्या प्रतिष्ठित स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत होता.

### दुसरा टप्पा

दुसऱ्या टप्प्याचे काम मिखाइल रिचेस या संस्थेकडे देण्यात आले. नॉरिच येथील गोल्डस्मिथ स्ट्रीट या नगर परिषदेच्या गृहप्रकल्पासाठी या संस्थेने २०१९ चे स्टर्लिंग पारितोषिक मिळवले आहे. पार्क हिलच्या या टप्प्यात १९५ घरे आणि काही व्यावसायिक जागा आहेत. तो २०२२ मध्ये पूर्ण झाला.

येथे विटांच्या भिंती काढल्या नाहीत. काजळी धरलेल्या विटा स्वच्छ करण्यात आल्या आणि त्यांचे मूळचे रंग पुन्हा दिसू लागले. नव्या खिडक्या बसवून उष्णतारोधक थर बाहेरून न लावता आतून लावला गेला, त्यामुळे दर्शनी भाग फारसा बदलला नाही. रंगाचा वापर सज्ज्यांच्या आतील बाजूंपुरता ठेवला आहे. समोरून पाहता इमारत जवळपास पूर्वीसारखीच दिसते आणि तिरकस पाहता रंग नजरेस येतात. हा टप्पाही २०२४ मध्ये स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत होता.

### पुढील टप्पे

तिसऱ्या टप्प्यात व्हिटम कॉक्स आर्किटेक्ट्स यांच्या आराखड्यानुसार विद्यार्थ्यांसाठी निवासस्थान तयार करण्यात आले. ‘बेताँ हाउस’ या नावाने ते २०२० मध्ये, म्हणजे दुसऱ्या टप्प्याआधीच, सुरू झाले. ‘बेताँ’ हा काँक्रीटसाठीचा फ्रेंच शब्द असून ‘ब्रुटॅलिझम’ ही संज्ञाही उघड्या काँक्रीटसाठीच्या ‘बेताँ ब्र्यूत’ या शब्दप्रयोगाशी जोडली जाते.

## दोन पद्धतींची तुलना

दोन्ही टप्प्यांत सांगाडा, मार्ग आणि इमारतीचा एकूण आकार कायम राहिला. फरक आहे तो चौकट भरणाऱ्या भिंतींच्या मूल्याविषयीच्या निर्णयात.

पहिल्या टप्प्याने भिंतींना बदलता येण्याजोगा भाग मानले. याचा फायदा असा की घरांत भरपूर उजेड आला, उष्णतारोधन आजच्या मानकांनुसार करता आले आणि बदनाम झालेल्या इमारतीचे रूप दुरूनही पालटलेले दिसले. ज्या वेळी पार्क हिलमध्ये घर विकत घेण्यास कोणी धजावेल याचीच खात्री नव्हती, त्या वेळी हा दृश्य बदल विकासकाला आवश्यक वाटला. मात्र विटा गेल्याने इमारतीचा जड, मातीशी नाते सांगणारा पोतही गेला. संरक्षित इमारतीतून एवढे काढून टाकल्यावर जे उरते त्याला जतन म्हणावे का, असा आक्षेप घेतला गेला.

दुसऱ्या टप्प्याने विटा, सांगाडा आणि काळाच्या खुणा यांना एकत्रित वारसा मानले. जुने साहित्य जागेवरच राहिल्याने नव्या साहित्याचा वापर आणि त्यातून होणारे कार्बन उत्सर्जनही कमी झाले. सिमेंट उत्पादनातून जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाच्या सुमारे सात ते आठ टक्के उत्सर्जन होते. म्हणून उभा असलेला काँक्रीट सांगाडा वापरात ठेवणे हे पर्यावरणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे मानले जाते. आतून लावलेल्या रोधक थरामुळे खोल्यांचे क्षेत्रफळ किंचित कमी होते. स्लॅब भिंतीच्या आरपार बाहेर जातो त्या ठिकाणी थंडी आत येऊ नये म्हणून काळजीपूर्वक तपशील करावे लागतात. या पद्धतीच्या मर्यादा त्या आहेत.

पहिला टप्पा यशस्वी झाला नसता तर दुसऱ्या टप्प्यात एवढा संयम परवडला असता का, याचे उत्तर केवळ वास्तुकलेत सापडत नाही. दहा वर्षांत ब्रुटॅलिस्ट इमारतींविषयी लोकांचे मतही बरेच बदलले होते.

## सामाजिक प्रश्न आणि टीका

मूळ पार्क हिलमधील सर्व घरे नगर परिषदेची आणि भाड्याची होती. पुनरुज्जीवनासाठी इमारत रिकामी करावी लागली आणि रहिवाशांना अन्यत्र हलवण्यात आले. नव्या घरांपैकी मोठा हिस्सा खुल्या बाजारात विकला किंवा भाड्याने दिला गेला. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचे प्रमाण मूळच्या तुलनेत फारच कमी राहिले. सार्वजनिक गृहनिर्माणाचा ऐतिहासिक दाखला म्हणून जी इमारत वाचवली गेली, तिचे सार्वजनिक गृहनिर्माण हेच स्वरूप जतनाच्या प्रक्रियेत लोपले, अशी टीका त्यामुळे होते. मार्गही आता पूर्वीसारखे कोणालाही खुले नाहीत. त्यामुळे रस्त्याचे रूप उरले, पण रस्त्याचा सार्वजनिकपणा मर्यादित झाला, असेही टीकाकार म्हणतात.

समर्थकांच्या मते पर्याय संपूर्ण पाडकामाचा किंवा आणखी काही दशके रिकाम्या इमारतीचा होता. खाजगी गुंतवणुकीवाचून एवढ्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च नगर परिषदेला शक्य नव्हता आणि आज तेथे पुन्हा वस्ती आहे, याकडे ते लक्ष वेधतात.

वारसा संरक्षणाचा कायदा इमारतीच्या भौतिक रूपाला संरक्षण देतो. तेथे कोणी, किती भाड्याने राहावे हे तो ठरवत नाही. पार्क हिलवरील वादाचे मूळ बऱ्याच अंशी या मर्यादेत आहे.

## तुलनीय प्रकल्प

लंडनमधील रॉबिन हूड गार्डन्स ही स्मिथसन दांपत्याची १९७२ मध्ये पूर्ण झालेली वसाहत पार्क हिलच्याच वैचारिक परंपरेतील होती. तिला वारसा संरक्षण नाकारण्यात आले आणि २०१७ मध्ये तिचे पाडकाम सुरू झाले. तिचा तीन मजली उंचीचा एक तुकडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जतन केला आहे.

फ्रान्समधील बोर्दो येथील ग्रां पार्क वसाहतीत तिसरा मार्ग अवलंबला गेला. आन लाकातों व ज्याँ-फिलिप व्हासाल, फ्रेदेरिक द्रुओ आणि क्रिस्तोफ उतँ या वास्तुविशारदांनी १९६० च्या दशकातील तीन इमारतींमधील ५३० भाड्याच्या घरांना बाहेरून काचेच्या प्रशस्त बाल्कन्या जोडल्या. काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरांतच राहिले आणि नंतरही तेच भाडेकरू कायम राहिले. या प्रकल्पाला २०१९ मध्ये युरोपीय संघाचे मीस व्हॅन डेर रोह पारितोषिक मिळाले. या इमारतींचे मूळ दर्शनी रूप पूर्णपणे बदलले, मात्र वस्ती टिकली. पार्क हिलच्या दुसऱ्या टप्प्यात याच्या नेमके उलट घडले.

## लोकसंस्कृतीत

वसाहतीतील एका पुलाच्या कठड्यावर कोणी रंगवलेली लग्नाची मागणी शहरभर परिचित झाली. पुढे विकासकाने ती निऑन दिव्यांत उजळवली आणि जाहिरातीतही वापरली. या वाक्यामागील माणसांच्या आयुष्याचा विचार न करता त्याचा व्यावसायिक वापर झाल्याची टीका झाली.

‘स्टँडिंग ॲट द स्कायज एज’ ही संगीतिका पार्क हिलमधील तीन वेगवेगळ्या काळांतील कुटुंबांवर आधारित आहे. रिचर्ड हॉली यांची गाणी आणि क्रिस बुश यांचे लेखन असलेल्या या संगीतिकेचा पहिला प्रयोग २०१९ मध्ये शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात झाला. २०२३ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट नव्या संगीतिकेसाठी ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले.

## कालक्रम

- १९५३ – जे. लुईस वोमर्स्ली शेफील्डचे नगर वास्तुविशारद झाले
- १९५७ – बांधकामास प्रारंभ
- १९६१ – औपचारिक उद्घाटन
- १९९८ – ग्रेड २-तारांकित वारसा संरक्षण
- २००४ – पुनरुज्जीवनासाठी विकासकाची निवड
- २०१३ – पहिला टप्पा स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत
- २०२० – विद्यार्थी निवासस्थान सुरू
- २०२२ – दुसरा टप्पा पूर्ण
- २०२४ – दुसरा टप्पा स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत